तिसाने भागलेला कुर्ता

१०१ फूट उंची. पाठीमागून घेराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५९ फूट ३ इंच. बाही ५७ फूट. कराचीचे फॅशन डिझायनर आणि टीव्ही अभिनेते दीपक परवानी यांच्या नावावर जगातला सर्वांत मोठा कुर्ता शिवल्याचा गिनेस विक्रम आहे, त्या नोंदीतले हे आकडे. अशा बातम्या सहसा वाचून विसरायच्या असतात. मोठा लाडू, मोठी रांगोळी, मोठा पतंग. आकडा वाचावा, मान हलवावी, पान उलटावं. पण शिवणकाम ज्याला कळतं त्याला माप नुसतं वाचून सोडता येत नाही, मन आपोआप भागाकाराकडे वळतं. १०१ फुटांचे १२१२ इंच. तिसाने भागले की चाळीस आणि वर थोडे. ५९ फूट ३ इंचांचे ७११. तिसाने भागले की जवळजवळ पावणेचोवीस. ५७ फुटांचे ६८४. तिसाने भागले की पावणेतेवीस आणि वर चिमूटभर. चाळीस इंच उंची, पावणेचोवीस घेर, पावणेतेवीस बाही. हे माप कुठल्याही शिंप्याच्या वहीत सापडेल. मध्यम बांध्याचा, साडेपाच फुटांहून थोडा उंच पुरुष. तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जावा आणि त्यातून अंगात घालता येईल असा माणसाचा कुर्ता निघावा, हे खटकत राहतं. टांगायला नुसतं अवाढव्य कापड हवं असतं तर उंची एका पटीत, रुंदी दुसऱ्या पटीत चालली असती. इथे मात्र कुणाचा तरी देह जपला आहे.

तीसपट करणं ऐकायला सोपं, पण शिवायला बसलं की एकेक गोष्ट अडवायला लागते. लांबी तीसपट झाली की कापडाचं क्षेत्रफळ तीस गुणिले तीस, म्हणजे ९०० पट होतं. साधा सुती कुर्ता २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच जाडीच्या कापडात हा कुर्ता १८० किलो भरेल, आणि जाड कापड, गळ्याला-खांद्याला आतून लावलेल्या पट्ट्या, दोर, कड्या धरल्या तर याच्या कितीतरी पट. पुढा आणि पाठ मिळूनच हजार चौरस मीटरच्या वर कापड जातं. पण कापड गिरणीतून येतं ते नेहमीच्याच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं. दीड मीटर पन्हा धरला तर अठरा मीटरच्या घेरासाठी बारा पट्टे शेजारी शेजारी जोडावे लागतील, शिलाईत जाणारी दाब धरली की तेरा. प्रत्येक जोड तीस मीटर लांब. आणि लांब सरळ शिलाईसारखी फसवी शिलाई नाही. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं कापड दाबपट्टीखाली किंचित मागे रेंगाळतं. एका मीटरला अर्धा सेंटिमीटर फरक पडला तरी साध्या कुर्त्याच्या बाजूच्या शिलाईत तो इस्त्रीने जिरून जातो. तीस मीटरांवर तोच फरक पंधरा सेंटिमीटर होतो, आणि सगळे जोड एकाच दिशेने शिवले तर कुर्ता पिळवटतो. उपाय जुनाच आहे. दर मीटरला दोन्ही पट्ट्यांवर खूण करायची, खुणेला खूण टाचून मगच मशीनखाली घालायचं, आणि एक जोड वरून खाली शिवला तर पुढचा खालून वर. मोठ्या तंबूचे आणि शामियान्याचे कारागीर हे सवयीने करतात.

मग खांदा. कुर्त्याचं सगळं ओझं शेवटी खांद्यावर येतं. वजन ९०० पट वाढलं, पण ते पेलणारी खांद्याची शिलाई फक्त ३० पट लांब झाली. म्हणजे शिलाईच्या दर इंचावरचा ताण तीसपट झाला. धागा मात्र तोच, टाकाही तोच. हा ताण सगळ्या शिलाईवर सारखा वाटला गेला तर सुती कापड तो सहन करील. घोटाळा होतो तो लटकवताना. माणसाचा खांदा कुर्त्याला सलग आधार देतो, क्रेनचा आकडा एका बिंदूत धरतो. चार आकड्यांवर टांगलं तर प्रत्येकावर निदान पंचेचाळीस किलो येतात, आणि ते अडीच-तीन इंच कापडात एकवटले की शिलाई उसवत नाही, शिलाईशेजारचं कापडच फाटतं. म्हणून अशा कामात बाहीच्या टोकापासून टोकापर्यंत आतून नळ घालावा लागतो; माणसाच्या खांद्याच्या हाडाचं काम तो करतो.

आणि कराचीत समुद्रावरून वारा असतो.

ताशी वीस किलोमीटरचा वारा माणसाच्या अंगावरच्या कुर्त्याला फक्त फडफडवतो. पाचशे चौरस मीटरच्या उभ्या कापडावर तोच वारा एक टनाच्या आसपास जोर लावतो, कापडाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. असा कुर्ता उघड्यावर टांगला तर तो कुर्ता राहत नाही, त्याचं शीड होतं. बाजूचे चाक, म्हणजे खालच्या दोन फटी, आपण चालताना पाय मोकळा व्हावा म्हणून ठेवतो. इथे त्या वाऱ्याला वाट देतात. गळ्याची पट्टी, उघडी बाही, घेर यांतून हवा आरपार गेली नाही तर आधी टोकं फाटणार. कुर्त्यात जिथे जिथे माणसासाठी मोकळीक ठेवलेली असते, नेमकी तीच ठिकाणं या आकारातही कापड वाचवतात. हे मला फार सुंदर वाटतं.

परवानी यांच्या कारकिर्दीकडे बघायला या कुर्त्याइतकी चांगली खिडकी नाही, असं मला वाटतं. त्यांच्या धंद्यात रोज जे करावं लागतं त्याच्या नेमकं उलट हा कुर्ता करतो. सिंधमधल्या मीरपूर खासचा हा सिंधी हिंदू मुलगा कराचीत आला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याने स्वतःचं फॅशन हाऊस काढलं ते पुरुषांच्या कपड्यांचं. त्या काळात पाकिस्तानात 'डिझायनर' हा शब्द बायकांच्या पोशाखाला लागत असे. पुरुषाचा कपडा म्हणजे चार ते साडेचार मीटर कापड, गल्लीतला दर्जी, आणि ईदच्या आधी पंधरा दिवस बंद झालेली त्याची ऑर्डरची वही. रंग पांढरा, बदामी, करडा, फार तर आकाशी. माप दर्जीच्या हातात असायचं; एकदा घेतलं की वर्षानुवर्षं तेच. पोट सुटलं की तो बाजूची शिलाई उसवून अर्धा इंच द्यायचा, आणि कुणाला कळायचंही नाही. अशा देशात पुरुषाने तयार कुर्ता दुकानातून उचलावा, त्यावर भरतकाम असावं, त्याला रंग असावा, हे पटवायचं तर आधी एक कठीण गोष्ट करावी लागते. ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही त्याच्या अंगाला बसेल असं माप काढावं लागतं.

तयार कपड्यांत एका मापावरून पुढची मापं काढतात. नवशिका कारागीर इथे पहिली चूक करतो ती या विक्रमी कुर्त्यासारखी: सगळं एकाच पटीत वाढवतो. अडतीस छातीच्या कुर्त्यावरून शेचाळीस छातीचा काढायचा आहे, म्हणजे छाती एकवीस टक्के वाढली; तर उंचीही एकवीस टक्के, बाहीही, खांदाही. मग चाळीस इंचांचा कुर्ता अठ्ठेचाळीसच्या वर जातो आणि पोटरीवर लोंबतो, साडेतेवीसची बाही साडेअठ्ठावीसला भिडून बोटं झाकते, साडेसतराचा खांदा एकवीस होऊन दंडावर घसरतो. माणूस असा वाढतच नाही. छाती आणि पोट वाढतं, हाडं तेवढी वाढत नाहीत. म्हणून छातीला दर मापामागे दोन इंच वाढवले तर खांद्याला अर्धा, गळ्याला अर्धा, बाहीला अर्धा किंवा त्याहून कमी, उंचीला अर्धा, मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोल कापाच्या, खोलीला पाव इंच. चार मापं पुढे गेलं की छाती आठ इंचांनी वाढलेली असते, खांदा फक्त दोन. प्रत्येक अवयवाचा आपला वेगळा हिशेब. तीसपट कुर्ता ज्या माणसाला बसेल असा माणूस कुठे नाही, आणि एका रांगेत टांगलेल्या पाच मापांच्या कुर्त्यांत पाच खरी माणसं उभी असतात. एकाच डिझायनरच्या नावावर या दोन्ही गोष्टी असाव्यात, यात मला विरोध दिसत नाही. पहिली जाहीरपणे बघायची, दुसरी कुणाला न कळता बसायची.

खरी परीक्षा मुंढ्याची. सैल कपडा म्हणजे आरामाचा कपडा अशी आपली समजूत असते, आणि मुंढ्याच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे. मुंढा खोल, म्हणजे काखेच्या खाली तीन इंच उतरलेला असेल तर हात खाली असताना मोकळं वाटतं. हात वर केला की बाहीबरोबर कुर्त्याची सगळी बाजू वर ओढली जाते आणि घेर गुडघ्यावरून मांडीवर चढतो. मुंढा उंच आणि लहान ठेवला, काखेच्या खाली जेमतेम इंचभर, तर हात फिरतो आणि धड जागच्या जागी राहतं. पण उंच मुंढ्याला कापणारा पक्का लागतो. पाव इंच चुकला तर काखेत काचतो, घामाने कापड कुजतं, आणि गिऱ्हाईक परत येऊन "तंग है" एवढंच सांगतं. म्हणून धंद्यात बहुतेक जण खोल मुंढ्याच्या आडोशाला जातात. जुन्या कळीदार कुर्त्याने हा प्रश्न आणखी हुशारीने सोडवला होता. त्याला गोल मुंढा नाहीच. खांद्यावरून घडी घातलेला एक सरळ पट्टा, त्याला सरळ जोडलेली बाही, बाजूंना वरून निमुळते तिरपे तुकडे, म्हणजे कळ्या, आणि काखेत चार इंचांचा एक चौकोनी तुकडा कोनावर बसवलेला. त्याला चौबगला म्हणतात. हात वर गेला की हा तुकडा उलगडतो, खाली आला की घडीत जातो. कापड वाया जात नाही, ताण काखेत एकवटत नाही. शिवायला मात्र चिवट. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर शिलाई नेमकी दाबेच्या रेषेवर थांबली पाहिजे, एक टाका पुढे गेला तर चुणी, एक टाका अलीकडे राहिला तर भोक.

शेरवानीत मामला वेगळा होतो, कारण तिथे कपडा देहाला आकार देतो. आत कॅनव्हास असतो, छातीवर त्याचा आणखी एक थर, आणि हे सगळं हाताच्या तिरप्या टाक्यांनी धरलेलं. कॅनव्हास आधी रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून घेतला नाही तर पुढे पहिल्या पावसाळी लग्नात तो आतल्या आत आटतो आणि वरच्या जामावार या नक्षीदार कापडावर फुगे येतात. इस्त्रीने चिकटवलेलं अस्तर वापरलं तर तेच फुगे ड्रायक्लीनिंगनंतर येतात. जरदोजी, म्हणजे धातूच्या तारांचं भरतकाम, असेल तर क्रम उलटा: आधी भरतकाम, मग कापणं. नक्षी जाड कागदावर काढून रेषेरेषेने टोचतात, याला खाका म्हणतात. चुन्याची किंवा निळीची पूड रॉकेलमध्ये कालवून त्या भोकांतून कापडावर उतरवतात, कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ढोलासारखं ताणतात आणि सहा-आठ जण दोन्ही बाजूंना बसून डबका, नक्शी अशा तारा आणि सितारे भरतात. दाट कामाने कापड आवळतं. पुढ्याचा तुकडा आधीच मापात कापला असेल तर अड्ड्यावरून उतरल्यावर तो अर्ध्या-पाऊण इंचाने कमी निघतो आणि मग त्याला दुरुस्ती नाही. म्हणून चारही बाजूंना इंचभर जास्त ठेवायचं, काम झाल्यावर नमुना पुन्हा ठेवून कापायचं. आणि पुढ्यावर धातूचं काम आहे, पाठ साधी आहे, तर वजनाने पुढचा घेर खाली झुकतो. तो तीन दिवस टांगून ठेवून मग खालची दुमड घालायची. ज्या घाईच्या लग्नात हे तीन दिवस मिळत नाहीत, त्या फोटोंत नवरदेवाची शेरवानी पुढून अर्धा इंच लांब दिसते. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, फक्त काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

असे कपडे करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहतो.

पाकिस्तानी टीव्ही आणि शिवणकाम यांचं नातं त्याच्या आधीपासूनचं. ऐंशीच्या दशकात पीटीव्ही या सरकारी वाहिनीच्या कराचीत बनलेल्या गाजलेल्या मालिकांतल्या नायिकांचे साधे, सैल, पुरुषी धाटणीचे कमीज टीजेज् या नावाने तन्वीर जमशेद करत, आणि मालिकेचा भाग झाला की दुसऱ्या दिवशी तेच कापड बाजारात मागितलं जाई. २००० नंतर खाजगी वाहिन्या आल्या, मालिका वाढल्या. परवानी 'मेरे पास पास', 'कदूरत' अशा मालिकांतून पडद्यावर दिसले. पुढे २०२१ मध्ये लाहोरचे नामवंत डिझायनर हसन शहरयार यासीन हेही 'पहली सी मुहब्बत'मधून अभिनयात आले. लोक याला हौस म्हणतात. मला ते कामाचंच पुढचं टोक वाटतं. रॅम्पवरचा कपडा दहा मीटरवरून, चालताना, वीस-पंचवीस सेकंद दिसतो. मॉडेलला सैल झाला तर पाठीमागे चिमटे लावून, टाचून पाठवता येतं. परत येताना पाठ दिसणार असेल तर चिमटे आतून. लग्नातला कपडा हातभर अंतरावरून दिसतो, त्याला हात लावून बघतात. टीव्हीचा कॅमेरा तीन फुटांवर येतो, मान आणि गळपट्टी एवढंच पडदाभर दाखवतो, आणि तो माणूस बसलेला असतो. कपड्याची सगळ्यांत मोठी फजिती बसण्यात आहे. चाक कमरेच्या खूप खाली सुरू होत असेल तर बसल्यावर पुढा पोटावर गोळा होतो. उभी गळपट्टी पाठीमागे पाव इंच जास्त उंच असेल तर खुर्चीला टेकल्यावर पाठीचं कापड तिला वर ढकलतं आणि माणूस मान आखडलेला दिसतो. अभिनय वाईट नसतो, गळपट्टी वाईट असते.

तिथल्या चित्रीकरणाची पद्धतही कपड्याला तावून काढणारी. बरीचशी मालिका भाड्याने घेतलेल्या खऱ्या बंगल्यांत, एकाच कॅमेऱ्यावर होते. तोच संवाद आधी दुरून, मग याच्या खांद्यावरून, मग त्याच्या खांद्यावरून, मग जवळून. पहिल्या शॉटमध्ये बाही दोनदा दुमडली होती की तीनदा, वरचं बटण उघडं होतं का, हे प्रत्येक वेळी जुळलं पाहिजे. आवाज ध्वनिमुद्रित होतो म्हणून शॉट चालू असताना पंखा बंद. कराचीच्या मे महिन्यात आकाशी किंवा फिकट करड्या कुर्त्याच्या काखेत चार मिनिटांत डाग उमटतो, पांढऱ्यात आणि गडद निळ्यात तो लपतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात वळवळतात. कडक खळ दिलेला कुर्ता अंगावर रुबाबदार दिसतो आणि पट्टीखाली लपवलेल्या छोट्या माइकमध्ये पापड मोडल्यासारखा वाजतो. माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे त्रिकोण लावून तो कापडालाही आणि अंगालाही घट्ट बसवला की घासणं थांबतं, पण खळ कमी केलेलीच बरी. चहा सांडायचा, पावसात भिजायचं दृश्य असेल तर एकाच कुर्त्याचे दोन-तीन जोड लागतात, आणि ते नवे असले तरी आधी एकदमच, एकाच पाण्यात धुवायचे. नाहीतर धुतलेला जोड तीन टक्के आटून चाळीसचा पावणेएकोणचाळीस होतो, रंग अर्धा पायरी उतरतो, आणि संकलनात एकाच वाक्याच्या मध्यावर माणसाचा कुर्ता बदलतो. बहुतेक कलाकार आपले कपडे स्वतःच जमवतात, त्यामुळे ही सगळी काळजी त्यांच्यावरच पडते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे मुंढे कापले, त्याला दिव्यांखाली सहा तास तोच मुंढा घालून हात वर-खाली करावा लागतो. यापेक्षा चांगली शिकवणी कुठली असेल?

मराठी घरांत पाकिस्तानी मालिका रीतसर पोचल्या त्या जून २०१४ मध्ये, झिंदगी वाहिनीवरून. सप्टेंबर २०१६ मध्ये त्या थांबल्याही. त्या दोन वर्षांत बऱ्याच जणींनी कथेइतकेच कपडे बघितले. आपल्या मालिकांतल्या झगमगाटानंतर ते साधे, उभ्या रेषेचे, घरात वावरताना खरोखर घालता येतील असे कपडे डोळ्यांना गार वाटले. कराचीशी आपलं जुनं येणंजाणं आहे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीतली १८५५ची सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणतज्ज्ञाचं नाव लावते. फाळणीनंतर सिंधी हिंदू इकडे आले, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिले, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि तिथल्या शिलाई मशीनांवर पुढे अर्ध्या देशाची जीन्स शिवली गेली. काही घरं तिकडेच राहिली. परवानी त्या राहिलेल्यांतले. त्यांच्याबद्दल लिहिताना तिकडचे आणि इकडचेही लोक नावाआधी 'हिंदू डिझायनर' असं विशेषण लावतात, आणि ते वाचताना मनात दोन गोष्टी एकदम होतात. एक, त्या देशात या नावाने, नाव न बदलता, पुरुषांच्या शेरवानीसारख्या राष्ट्रीय पोशाखाचा कारागीर म्हणून उभं राहणं सोपं नव्हतं, ते सांगितलंच पाहिजे. दुसरी, ज्याने शिलाईच्या जोरावर हे मिळवलं त्याच्या शिलाईबद्दल मग एकही वाक्य येत नाही, याचं वाईट वाटतं. नोव्हेंबर २००९ मध्ये, शहरं बॉम्बस्फोटांनी हादरत असताना, कराचीत पहिला फॅशन पाकिस्तान वीक कडक बंदोबस्तात झाला. तो भरवणाऱ्या फॅशन पाकिस्तान कौन्सिलची धुरा पुढे परवानी यांच्याकडे आली. लक्स स्टाइल अवॉर्ड्स मिळाले, मालिका झाल्या. या सगळ्यावर रकाने भरतात. मुंढ्यावर कुणी लिहीत नाही.

त्या विक्रमाच्या नोंदीतही मुंढा नाही. उंची आहे, पाठीची रुंदी आहे, बाहीची लांबी आहे. मुंढ्याची खोली नाही, गळ्याचा घेर नाही, खांदा नाही. मोजणाऱ्यांना दुरून दिसणारी मापं पुरली. पण तिसाचा हिशेब हाताशी आहे. चाळीस उंचीच्या, मध्यम बांध्याच्या कुर्त्याला मुंढा सरळ मोजला तर साडेनऊ इंच येतो; तीसपट केला की २८५ इंच, म्हणजे २३ फूट ९ इंच. दोन मजली घराच्या गच्चीला लागेल एवढी गोल कमान. त्या कमानीत बाही बसवताना तिच्या वरच्या बाजूला कापड थोडं जास्त ठेवून, चुण्या न पाडता, टाचत टाचत जिरवावं लागतं; साध्या कुर्त्यात ते अर्धा इंच असतं, इथे सव्वा फूट. एका बाजूला एक कारागीर, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे जमिनीवर पसरलेलं कापड, आणि दोघांच्या हातांत त्याच नेहमीच्या टाचण्या. अंगात घालायला कुणीच नाही, तरी बाही सरळ चिकटवून मोकळं न होता मुंढ्याच्या गोलाईत बसवायची, म्हणजे हात वर केलाच तर घेर जागचा हलणार नाही.